वाशीम जिल्ह्यातील रानफुलांची नोंद : नाव, नमुना आणि छायाचित्र

वाशीम जिल्ह्यातील रानफुलांच्या अभ्यासाचा इतिहास लिहू जाणाऱ्यास पहिली अडचण येते ती जिल्ह्याच्या नावाचीच. इंग्रजी अमदानीत 1875 साली निराळा केलेला बाशीम जिल्हा 1905 साली मोडण्यात आला. वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्याकडे गेले आणि पुसद यवतमाळकडे. कारंजे तोवर मुर्तिजापूर तालुक्याबरोबर उमरावती जिल्ह्यात मोडत असे. आजचा सहा तालुक्यांचा जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला. तेव्हा एखाद्या जुन्या नमुन्यावर नुसते 'बाशीम' लिहिलेले आढळले, तर ते झुडूप पुसदच्या डोंगरातलेही असू शकेल. आणि कारंज्याच्या माळावरचे फूल उमरावतीच्या नावाखाली दडलेले असेल. साल पाहिल्यावाचून स्थळ ठरविता येत नाही, हा ताम्रपटांच्या अभ्यासकास परिचित असलेला नियम येथेही लागू पडतो.

जाता जाता एका मोहाचा उल्लेख करणे अवश्य आहे. वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. येथे 1939 साली उजेडात आलेल्या, वाकाटक नृपती दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात ते आले आहे. 'गुल्म' म्हणजे झुडूप, म्हणून या नावातच वनश्रीचा पुरावा शोधावासा वाटतो. परंतु त्याच शब्दाचा सैन्याची तुकडी असाही अर्थ होतो. नावावरून वन सिद्ध होत नाही.

ग्रंथांकडे वळल्यास वऱ्हाडची उपेक्षाच दिसते. हूकरच्या ब्रिटिश हिंदुस्थानविषयक सप्तखंडात्मक ग्रंथात (1872–1897) स्थळांचे निर्देश इतके व्यापक आहेत की, एका तालुक्याविषयी त्यावरून काही निष्पन्न होत नाही. कुकचा ग्रंथ (1901–1908) अधिक काटेकोर खरा. पण तो मुंबई इलाख्याचा, आणि वऱ्हाड त्या इलाख्यात नव्हते. विट याने 1916 साली वऱ्हाडच्या वनमंडळासह जी यादी दिली, ती वृक्ष, झुडपे, वेली आणि उपयुक्त औषधींची होती. सरकारी वनखात्याच्या दृष्टीने ज्या चिमुकल्या गवताळ फुलांचा काही उपयोग नव्हता, त्यांना त्या यादीत स्थान मिळण्याचे कारण नव्हते. अकोला जिल्ह्याची स्वतंत्र वनस्पतिसूची कांबळे व प्रधान यांनी सिद्ध केली आणि भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेने ती 1988 साली प्रसिद्ध केली. त्या वेळी वाशीम अकोल्यातच असल्यामुळे आजच्या वाशीम जिल्ह्याचा आधारग्रंथही तोच. मात्र वाचकाने त्यातील मालेगाव, रिसोड, मानोरा अशी गावे स्वतः निवडून काढावी लागतात. हे काम कंटाळवाणे असले तरी पदव्युत्तर प्रबंधास उत्तम विषय पुरवील.

लोकांच्या तोंडच्या नावांवर विसंबावे, तर तेथेही वाट सरळ नाही. शंखपुष्पीचेच पाहा. आयुर्वेदात गौरविलेली ही वनस्पती कोणती, याविषयी वैद्यांत दीर्घकाळ मतभेद आहे. कोणी पांढऱ्या-गुलाबी फुलांच्या कॉन्व्हॉल्व्ह्युलसला ते नाव देतात, कोणी पावसाळ्यात माळावर पसरणाऱ्या निळ्या विष्णुक्रांतेला, तर कोणी वेलीवरच्या गोकर्णाला. शंखपुष्पी म्हणून कोणी फूल पुढे केले, तर अभ्यासकाने त्या नावाबरोबर सांगणाऱ्याचे गाव व त्याचा उपयोगही टिपावा. नाव चुकीचे ठरले तरी ती माहिती वाया जात नाही.

वाळवून दाबलेला नमुना रंग राखत नाही. केन्याचे निळे फूल सकाळी उमलते व दुपारपर्यंत मिटते. दाबपेटीत त्याच्या पाकळ्यांचे काहीच उरत नाही. ही उणीव चित्राने भरून काढण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात जुना आहे. दापोडीच्या सरकारी बागेचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी 1847 ते 1850 या काळात एका एतद्देशीय चित्रकाराकडून वनस्पतींची रंगीत चित्रे काढविली. ती आज एडिंबरो येथे आहेत. चित्रकाराचे नाव मात्र उरले नाही. विलायतेत त्याच्या किंचित आधी, 1843 साली, ॲना ॲटकिन्स या बाईंनी शेवाळे प्रकाशसंवेदी कागदावर ठेवून निळे ठसे घेण्यास आरंभ केला होता. महाराष्ट्रात 2001 साली श्रीकांत इंगळहळीकर यांच्या सह्याद्रीच्या फुलांवरील ग्रंथापासून छायाचित्रावरून फूल ओळखण्याची सवय हौशी मंडळींत रुजली. पण तो ग्रंथ सह्याद्रीचा आहे. पैनगंगेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीवर तो घेऊन फिरणारा विद्यार्थी आपल्या फुलास सह्याद्रीतील जवळचे नाव देऊन मोकळा होतो. कुकच्या ग्रंथाची गोष्ट येथे दुसऱ्यांदा घडते.

छायाचित्राची खरी मर्यादा टाकळ्याने दाखविली आहे. सेन्ना टोरा व सेन्ना ऑब्ट्युसिफोलिया यांची पिवळी फुले सारखीच दिसतात. भेद पानाच्या देठावरील ग्रंथींत आहे: पहिल्यात त्या पर्णिकांच्या खालच्या दोन जोड्यांमध्ये असतात, दुसरीत सर्वांत खालच्या एकाच जोडीत. नुसत्या फुलाचे सुंदर चित्र येथे निरुपयोगी ठरते. केन्याला तर जमिनीखालीही न उमलणारी फुले येतात. ती पाहण्यास खुरपेच लागते. नव्या जातीच्या नावाचा आधार 1 जानेवारी 2007 पासून प्रत्यक्ष नमुनाच असला पाहिजे, चित्र चालणार नाही, असा आंतरराष्ट्रीय नामकरणसंहितेचा सर्वसाधारण नियम आहे, त्याचे मर्म हेच.

तथापि इतिहासाच्या दृष्टीने छायाचित्राचे एक मोल नमुन्यास नाही. संग्राहक सहसा दुर्मिळाच्या शोधात असतो. सर्वत्र उगवलेले तण दाबण्याचे श्रम तो घेत नाही. गाजरगवत पुण्यात 1950 नंतरच्या दशकात नोंदले गेले आणि पुढे राज्यभर पसरले. ते वाशीमच्या पडीत जमिनींवर केव्हा आले, कोणत्या माळावरचे गवत त्याने हटविले, सोयाबीनच्या धुऱ्यांवर पूर्वी काय फुलत असे, हे सांगणारा पुरावा वनस्पतिशास्त्रज्ञाच्या कपाटापेक्षा घराघरांतील चित्रसंग्रहात मिळण्याचा संभव अधिक. आजच्या दूरध्वनीने काढलेल्या चित्रात वेळ व अक्षांश-रेखांश आपोआप साठविता येतात. पण तेच चित्र संदेशरूपाने इतरांस धाडले की ही माहिती बहुधा गळून पडते. म्हणून मूळ प्रत राखावी आणि गावाचे नाव हातानेही लिहावे. जुन्या कृष्णधवल चित्रांबाबत सोय निराळी आहे. शाळेच्या पटांगणातील स्नेहसंमेलन, विहिरीचे खोदकाम, बैलजोडीसह उभा मालक: मागे बांधावर काय वाढले आहे, ते भिंगाखाली पाहावे. अशा चित्रांच्या पाठीवर पुष्कळदा साल लिहिलेले असते.