लाट किनाऱ्याला लागताना

गणिताच्या इतिहासावर व्याख्यान म्हटले की मांडवातल्या मागच्या खुर्च्या रिकाम्या राहतात, हा अनुभव आम्हांला नवा नाही. तरीही आज ज्या गोष्टीचा इतिहास आम्ही सांगणार आहो, ती गोष्ट येथे बसलेल्या बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिलेली आहे. गुहागरास किंवा अलिबागेस वाळूवर उभे राहावे आणि येणाऱ्या लाटांकडे पाहावे. दूरवर नुसता फुगवटा दिसतो. तो जवळ येता येता उभा राहू लागतो, त्याचा माथा पुढे झुकतो आणि लाट फुटते. पण नीट पाहत राहिले तर असेही ध्यानात येते की, प्रत्येक पाण्याचा चढाव फुटत नाही. भरतीचे पाणी तर मुळीच फुटत नाही. ते गुमान वाळू चढते आणि गुमान उतरते. मग कोणते पाणी फुटेल आणि कोणते न फुटता चढेल? प्रश्न पोराने विचारावा इतका साधा आहे. त्याचे चोख उत्तर गणिताला प्रथम १९५८ साली देता आले.

आरंभ फ्रेंच गणिती लाग्रांज याच्यापासून करू. उथळ पाण्यातील लांब लाटेचा वेग केवळ पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो, हे त्याने १७८१ साली दाखविले. खोलीला गुरुत्वीय प्रवेगाने गुणावे आणि वर्गमूळ काढावे, की वेग मिळाला. चार हजार मीटर खोल समुद्रात हा वेग ताशी सुमारे ७१० किलोमीटर येतो. दहा मीटर खोलीत तो ताशी ३५ किलोमीटरांवर उतरतो. लाट लांब असली, म्हणजे तिची लांबी खोलीच्या मानाने पुष्कळ मोठी असली, की चार हजार मीटरचा समुद्रदेखील तिच्या दृष्टीने 'उथळ'च ठरतो, हे येथे विसरता कामा नये.

यात दोन अडचणी दडलेल्या आहेत. तळ उतरता असला म्हणजे खोली जागोजाग बदलते. अर्थात समीकरणातील सहगुणक स्थिर राहत नाही, तो चल होतो. ही पहिली अडचण. दुसरी तिच्याहून चिवट आहे. लाट स्वतःच पाण्याची खोली वाढविते. माथ्याखाली पाणी अधिक, म्हणून माथा वेगाने पळतो. पायथ्याशी पाणी कमी, म्हणून पायथा रेंगाळतो. लाटेचा वेग लाटेवरच अवलंबून असल्यामुळे समीकरण अरेषीय होते. रेषीय समीकरणाचा मोठा गुण असा, की दोन उकली मिळाल्या तर त्यांची बेरीजही उकल असते. लहान लहान तुकडे सोडवून पुढे ते जोडता येतात. अरेषीय समीकरणात ही सोय नाही. एकेक अडचण एकेकटी आली तर गणिती तिच्याशी झुंजतो. दोन्ही एकदम आल्या म्हणजे बहुधा तो अंदाजावर समाधान मानतो.

पहिल्या अडचणीशी झुंजलेला माणूस विलक्षण होता. जॉर्ज ग्रीन हा इंग्लंडातील नॉटिंगहॅमजवळचा पिठाच्या गिरणीवाला. शाळेचे शिक्षण जेमतेम; पवनचक्की सांभाळीत त्याने उच्च गणिताचा अभ्यास केला. १८२८ साली वर्गणीदार गोळा करून त्याने विद्युत आणि चुंबकत्वावर जो निबंध छापला, त्याची खरी थोरवी त्याच्या मृत्यूनंतर जगाला कळली. चाळिसाव्या वर्षी, पोरांच्या पंगतीत बसून, तो केंब्रिजला विद्यार्थी झाला. तेथेच १८३७ साली त्याने बदलत्या खोलीच्या आणि बदलत्या रुंदीच्या कालव्यातील लाटांवर एक लहानसा निबंध वाचला. त्यातील नियम असा: खोली हळूहळू सोळावा हिस्सा झाली तर लाटेची उंची दुप्पट होते, दोनशे छप्पन्नावा हिस्सा झाली तर चौपट. चार हजार मीटर खोलीवर जी लाट अर्धा मीटर उंच, ती सोळा मीटर खोलीत येईतो दोन मीटर होते. खोल समुद्रातल्या जहाजाला जिची दादही लागत नाही, ती लाट बंदरात हाहाकार का करते, याचा पहिला हिशेब या गिरणीवाल्याने मांडला. परंतु ग्रीनने लाट लहान धरली होती, म्हणजे दुसरी अडचण त्याने बाजूला ठेवली होती. आणि अगदी काठाशी, जेथे खोली शून्य होते, तेथे त्याचा नियम लाटेची उंची अनंत सांगतो. ज्या जागी आपण उभे, नेमके तेथेच सूत्र निकामी!

दुसऱ्या अडचणीची कथा अधिक परिचित आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. १८३४ साली एडिंबरोजवळच्या कालव्यात घोड्यांनी ओढलेली एक नाव एकाएकी थांबली आणि तिच्या नाळेपुढून पाण्याचा एकच गोल फुगवटा सुटून पुढे निघाला. जॉन स्कॉट रसेल हा अभियंता घोड्यावर बसून मैल दोन मैल त्याच्या मागे गेला. लाटेचा आकार मोडला नाही. एअरी या खगोलशास्त्रज्ञाने १८४५ साली गणिताने सिद्ध केले की, सारख्या खोलीतही लांब लाट आपला आकार टिकवू शकत नाही. तिचा पुढचा उतार उभा होत जाणारच. रसेलने जे पाहिले ते एअरीच्या समीकरणात बसत नव्हते. दोघांचा मेळ बूसिनेस्क, रॅले आणि शेवटी १८९५ साली ॲम्स्टरडॅमचे कोर्टवेग व त्यांचे शिष्य द व्ह्रीस यांनी घातला: लाट आखूड असली तर तिच्यातील निरनिराळे घटक निरनिराळ्या वेगांनी पसरू पाहतात आणि ही पसरण माथ्याच्या घाईला आवर घालते. पण हे सारे सपाट तळाच्या कालव्यापुरते. किनारा अजून कोणी गाठला नव्हता.

किनाऱ्याची किल्ली सापडली ती पाण्यात नव्हे, हवेत. १८६० साली जर्मन गणिती रीमान याने हवेतील जोरदार दाबतरंगांवर निबंध लिहिला. त्यातील युक्ती आपल्याला पंचांगाच्या दाखल्याने समजेल. आपण पंचांग उघडतो तेव्हा दोन तऱ्हांचे प्रश्न विचारतो. 'अमक्या तारखेला तिथी कोणती?' हा एक प्रश्न. 'अमकी तिथी कोणत्या तारखेला?' हा दुसरा. माहिती तीच, पण शोधण्याची दिशा उलट. लाटेच्या बाबतीत आपण नेहमी विचारतो, की या जागी, या क्षणी पाण्याची उंची किती आणि वेग किती? रीमानने विचारले, की ही उंची आणि हा वेग कोणत्या जागी, कोणत्या क्षणी आढळेल? प्रश्न उलटा करताच अरेषीय समीकरण रेषीय झाले! आमच्या मते एकोणिसाव्या शतकाच्या गणितातील अत्यंत सुंदर कल्पनांपैकी ही एक आहे. पंचांगात क्षयतिथी येते, तेव्हा एकाच दिवसाच्या पोटात एक जादा तिथी शिरते. तसे येथेही कधी कधी एकाच जागी, एकाच क्षणी पाण्याच्या दोन उंची निघतात. तसे झाले म्हणजे समजावे, की लाट फुटली. दाखला येथवरच ताणावा. याहून ताणला तर ज्योतिषी आणि गणिती दोघेही आमच्यावर रागावतील.

यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९५८ साली, हार्वर्डचे जॉर्ज कॅरियर आणि हार्वे ग्रीनस्पॅन यांनी ही युक्ती उतरत्या किनाऱ्यावर नेली. वास्तविक ती तेथे चालण्याचे कारण नव्हते. सहगुणक चल झाला की उलटापालट करूनही गुंता सुटत नाही. पण उतार जर सरळ असेल, म्हणजे फळीसारखा एकाच कोनात समुद्रात गेलेला असेल, तर पाण्याला मागे ओढणारा जोर सर्वत्र सारखाच असतो. त्याचा परिणाम काळाच्या प्रमाणात वाढत जातो, एवढेच. तेवढा भाग काळाच्या हिशेबात जमा करून टाकला, की चल सहगुणकाची अडचण विरून जाते. उरते ते समीकरण डफाच्या गोल कातड्याच्या कंपनाचे, मध्याभोवती सर्व बाजूंनी सारख्या होणाऱ्या कंपनाचे. आणि ते तर पूर्वीपासून गणित्यांच्या मुठीतले.

यातील खरी मौज पाण्याच्या काठाची आहे. वाळूवर काठ सारखा पुढेमागे सरकतो. तो कोठे असेल हे उकल मिळाल्याशिवाय कळत नाही, आणि काठ कळल्याशिवाय उकल मिळत नाही. या नव्या मांडणीत तो काठ डफाच्या मध्यबिंदूवर येऊन थांबतो, खिळा ठोकल्यासारखा. ग्रीनचे सूत्र जेथे निकामी झाले होते, नेमकी तीच जागा येथे सर्वांत सोपी झाली.

आता आरंभीचा प्रश्न. लाट फुटणार नाही याची अट या उकलीतून थेट निघते, आणि ती तीन गोष्टींवर ठरते: किनाऱ्याचा उतार, लाटेचा आवर्तनकाळ आणि काठ उभ्या अंतरात किती चढतो ती उंची. पन्नासास एक असा उतार घ्या. दर दहा सेकंदांनी येणारी साधी लाट तेथे साऱ्या एक सेंटिमीटरहून अधिक चढू पाहील तर फुटेल. म्हणून गुहागरची लाट फुटते. पण आवर्तनकाळ दहा मिनिटांचा असेल, तर सुमारे पस्तीस मीटरपर्यंतचा चढाव न फुटता होऊ शकतो! घर्षण धरलेले नाही आणि खरा किनारा फळीसारखा नसतो, हे मान्य करूनही या दोन आकड्यांतील अंतर पाहून माणूस क्षणभर गप्प होतो. भूकंपाने उठलेली सागरी लाट, जिला आज आपण त्सुनामी म्हणतो, ती पुष्कळदा फुटणाऱ्या भिंतीसारखी न येता न थांबणाऱ्या भरतीसारखी का येते, ते या हिशेबात आहे. १९४५ च्या नोव्हेंबरअखेरीस मकरानच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला, तेव्हा त्या लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या आणि येथेही माणसे वाहून गेल्याची नोंद आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी तर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर कित्येक हजार माणसे मेली. फुटणाऱ्या लाटेला भिणारा माणूस न फुटणाऱ्या लाटेला भीत नाही, आणि घात होतो तो येथेच.

या उकलीने आणखी एक जुना वाद मिटविला. अभियंते लाट लहान धरून, रेषीय समीकरणाने, पाणी किती उंच चढेल त्याचा अंदाज करीत. काठाशी लाट लहान राहत नाही, तेव्हा हा अंदाज चुकीचा असणार, असे कोणालाही वाटेल. पण लाट फुटत नसेल तर सर्वाधिक चढावाचा आकडा दोन्ही रीतींनी अगदी एकच येतो. लाटेचा मधला प्रवास वेगळा, पण कमाल उंची तीच. चुकीच्या रस्त्याने गेलेला माणूस बरोबर गावी पोहोचावा तसा हा प्रकार आहे. आणि तो योगायोग नव्हता, हे अचूक उकलीवाचून कधीच कळले नसते.

इकडे कोर्टवेग आणि द व्ह्रीस यांच्या समीकरणाचेही भाग्य उघडले. झाबुस्की आणि क्रुस्कल यांनी १९६५ साली संगणकावर पाहिले की, त्याच्या एकाकी लाटा एकमेकींना भिडून पुन्हा जशाच्या तशा बाहेर पडतात. १९६७ साली गार्डनर, ग्रीन, क्रुस्कल आणि मिउरा यांनी ते समीकरण अचूक सोडविण्याची रीत दिली. (हा ग्रीन निराळा, गिरणीवाला १८४१ सालीच वारला.) मग साहजिकच प्रश्न आला, की तळ बदलला तर काय? १९७३ साली जॉन्सनने दाखविले की, एकाकी लाट उथळ तळावर चढली तर ती मोडते, पण वाटेल तशी नव्हे. चढ लहानसा असून खोली मूळच्या सुमारे ६१ टक्के उरली तर तिच्या नेमक्या दोन लाटा होतात. सुमारे ४५ टक्के उरली तर तीन. सहगुणक कसेही बदलले तर मात्र पूर्ण उकलीची आशा नसते. त्यांच्यात एक ठराविक नाते असेल तरच रीत चालते, हे नलिनी जोशी या ऑस्ट्रेलियातील गणितज्ञ बाईंनी १९८७ साली तपासून दाखविले.

येथे आम्हांला एक स्पष्ट बोलावेसे वाटते. पुढच्या काळात अशा समीकरणांच्या 'अचूक उकली' शेकड्यांनी प्रसिद्ध झाल्या. त्यांतील पुष्कळांत उकल आधी ठरविलेली असते आणि तिला जुळतील असे सहगुणक मागाहून निवडलेले असतात. वहाण आधी शिवून मग तिच्या मापाचा पाय शोधीत गावभर हिंडण्यासारखे हे आहे. कॅरियर आणि ग्रीनस्पॅन यांचा सरळ उतार हीदेखील निवडच होती, असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. पण त्यांच्या मापाचा किनारा पृथ्वीवर, निदान ढोबळ मानाने, जागोजाग सापडतो.

कॅरियर स्वतः त्या किनाऱ्यावर पुन्हा परतले. त्सुनामीच्या चढउतारावरील त्यांचा वू आणि येह यांच्यासह लिहिलेला निबंध २००३ साली, त्यांच्या निधनानंतर वर्षभराने, निघाला; मूळ निबंधानंतर पंचेचाळीस वर्षांनी. २००४ च्या संहारानंतर हैदराबादेस २००७ साली आपल्या देशाचे त्सुनामी इशारा केंद्र सुरू झाले. अशा कामासाठी जे संगणकीय हिशेब जगभर लिहिले जातात, ते खऱ्या समुद्राचे वेडेवाकडे तळ घेऊन चालतात आणि त्यांना अचूक उकल नसते. म्हणून तो हिशेब विश्वासाचा आहे की नाही, हे पाहण्यासाठी प्रथम त्याला एक सरळ, फळीसारखा किनारा देतात, त्यावर एक लाट सोडतात, आणि वाळूवर चढणारा काठ १९५८ च्या कागदावरील काठाशी क्षणोक्षणी जुळतो का, ते ताडून पाहतात.