ऑर्स येथील सैनिकी दफनभूमी

उत्तर फ्रान्समधील ऑर्स या खेड्याच्या सार्वजनिक दफनभूमीतील पहिल्या महायुद्धकालीन ब्रिटिश सैनिकांचा विभाग. येथे साठहून अधिक कबरी असून त्यांतील बहुतेक सैनिक ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्धविरामाच्या अवघ्या सात दिवस आधी, सांब्र-वाज कालवा ओलांडताना मारले गेले.

पहाटेच्या अंधारात तरंगता पूल टाकण्याचा प्रयत्न पलीकडच्या काठावरील जर्मन मशीनगनच्या माऱ्यामुळे फसला. सेकंड लेफ्टनंट जेम्स कर्क तराफ्यावरून पुढे गेले आणि सहकाऱ्यांना आडोसा मिळावा म्हणून अखेरपर्यंत लुइस गन चालवत राहिले. लेफ्टनंट कर्नल जेम्स मार्शल पुलाची दुरुस्ती करवून घेत उघड्यावर उभे होते. दोघेही मारले गेले. दोघांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोघांच्याही कबरी येथेच आहेत.

त्याच हल्ल्यात मँचेस्टर रेजिमेंटचा पंचविशीतला कवी विल्फ्रेड ओएन ठार झाला. युद्धाचे भयाण, निर्दय सत्य सांगणारी त्याची बहुतेक कविता तोवर अप्रकाशित होती. पहिला संग्रह १९२० मध्ये आला. मृत्यूची तार श्रूझबरीतील घरी पोहोचली ती ११ नोव्हेंबरला, युद्धविरामाच्या घंटा वाजत असताना. शिलालेखासाठी आईने त्याच्याच कवितेतील शब्द निवडले. मात्र मूळचे प्रश्नचिन्ह गाळल्याने मुलाची शंका तिथे श्रद्धेचे विधान बनली आहे.

कबरींची देखभाल राष्ट्रकुल युद्धकबर आयोग करतो. गावाजवळची ‘ऑर्स ब्रिटिश दफनभूमी’ वेगळी आहे.