चौदा टाळकरी

मंडळी, दिंडी उभी करायची म्हटलं की आपण आधी काय शोधतो? पखवाजी कुठं मिळेल, चढ्या पट्टीत गाणारा कुठं मिळेल! आता सतराव्या शतकातल्या देहूत बघा. तुकोबारायांनी पडकं देऊळ दुरुस्त केलं, एकादशीची कीर्तनं सुरू केली. आणि स्वतः काय केलं? दुसऱ्याच्या मागं उभं राहून ध्रुपद धरलं. पुढं महाराज कीर्तनाला उभे राहिले, तेव्हा त्यांच्यामागं माणसं येऊन उभी राहिली.

परंपरा चौदा टाळकरी सांगते. त्यांत चाकणचे संताजी जगनाडे, तेली. कडूसचे गंगाराम मवाळ, ब्राह्मण. दोघांनीही महाराजांचे अभंग लिहून ठेवले. धाकटा भाऊ कान्होबा होताच. आणि वाघोलीचे रामेश्वरभट्ट? ज्यांच्या विरोधापायी वह्या इंद्रायणीत गेल्या, तेच पुढं टाळ घेऊन त्या रांगेत आले!

इ. स. १६५० मध्ये महाराज वैकुंठाला गेले. टाळकऱ्यांनी राखलेला ठेवा मागं राहिला. म्हणून सांगतो, साथ हवी असेल तर गळा पारखत बसू नका. आधी कुणाच्या तरी मागं उभं राहा. आणि ज्याच्याशी आपलं वाकडं आहे, त्याच्यासाठी रांगेत एक जागा मोकळी ठेवा.