तीन हजार मैलांची तहान

१९७७ साली अमेरिकेत ‘स्मोकी अँड द बँडिट’ नावाचा चित्रपट तुफान चालला. कथा म्हटली तर पोरकट. अटलांटाहून निघायचे, टेक्सारकानाहून चारशे पेट्या बिअर उचलायची आणि पोलिसांना गुंगारा देऊन अठ्ठावीस तासांच्या आत परत यायचे. पण या पोरखेळामागची तहान खरी होती. कोलोरॅडोतली कूर्स ही बिअर टिकाऊ करण्यासाठी तापवली जात नसे. ती थंडच ठेवावी लागे, म्हणून त्या काळी पूर्वेकडे ती विकलीच जात नव्हती. पश्चिमेला गेलेली माणसे परतताना मोटारीत तिच्या पेट्या घालून आणत. कोकणातून परतणारा आपला माणूस आंब्याची पेटी आणतो, तशीच.

(दिवाळी अंकात हा विषय पाहून वडीलधाऱ्यांनी नाक मुरडू नये. मी पेला भरायला नव्हे, इतिहास सांगायला बसलो आहे.)

एवढ्या संपन्न देशात साध्या बिअरसाठी हा आटापिटा का? १८७३ साली तिथे बिअरचे चार हजारांहून अधिक कारखाने होते. गावोगावी कुणी जर्मन कारागीर सातूला मोड आणी, हॉप्सच्या वेलीची कडसर फुले घालून ते आंबवी, आणि गाव बदलले की चव बदले. पुढे बर्फाने थंड ठेवलेले आगगाडीचे डबे आले, आणि सेंट लुईसच्या अडॉल्फस बुशने आपली बिअर देशभर धाडली. १९२० साली दारूबंदी आली, ती १९३३ पर्यंत टिकली. तेवढ्या काळात कुणी आइस्क्रीम विकून, कुणी सातूचा पाक विकून जीव धरला, बाकीचे संपले. १९३५ साली बिअर पत्र्याच्या डब्यात शिरली. १९५६ च्या कायद्याने लांबलचक हमरस्ते झाले आणि त्यांवरून मोठ्या कंपन्यांचे ट्रक धावू लागले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कारखाने शंभराच्याही आत आले होते. न्यूयॉर्कहून निघालेला प्रवासी सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचेपर्यंत डोंगर, वाळवंटे, बोलीसुद्धा बदललेल्या पाही. पेल्यातली चव तेवढी बदलत नसे.

याला पहिला अडसर घातला तो एका हौशी तरुणाने. फ्रिट्झ मेटॅग हा धुलाईयंत्रे बनवणाऱ्या घराण्यातला. सॅन फ्रान्सिस्कोतला अँकर नावाचा जुना कारखाना बंद पडणार, हे १९६५ साली त्याच्या कानावर आले आणि त्याने त्याची मालकी घेतली. बिअर करण्याची विद्या तो नंतर शिकला!

जॅक मॅकॉलिफची गोष्ट मला अधिक चटका लावते. अमेरिकन नौदलात असताना तो स्कॉटलंडला होता. तिथल्या बिअरची चव जिभेवर राहिली. मायदेशी ती मिळेना, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या सोनोमा गावी १९७६ साली त्याने दुग्धालयातली जुनी भांडी जमवून, स्वतः जोडकाम करून ‘न्यू अल्बियन’ उभे केले. बिअर चांगली होती, पण ती फार थोडी होई. वाढवायला भांडवल हवे होते आणि ते कुणी दिले नाही. १९८२ साली सारे थांबले. पण तोवर ते पाहून गेलेल्यांची डोकी पेटली होती.

घरच्या घरी बिअर करणे तेव्हा गुन्हाच होता. १९३३ नंतर द्राक्षासवाला मुभा मिळाली, बिअर राहून गेली. १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केली तेव्हा कुठे ती अडचण दूर झाली. केन ग्रॉसमन हा सायकली दुरुस्त करणारा आणि घरी बिअर करणाऱ्यांना सामान विकणारा माणूस. त्याने १९८० साली चिको गावी ‘सिएरा नेव्हाडा’ची बिअर काढली. त्याच्याही गाठीला दुग्धालयाचीच भांडी होती. इतके सारे चांगले काम गवळ्यांच्या मोडक्या भांड्यांतून व्हावे, याची मला गंमत वाटते. पुढे तो इतका वाढला, की ट्रकने देश ओलांडून बिअर पाठवण्यापेक्षा २०१४ साली त्याने पूर्वेला, नॉर्थ कॅरोलायनात दुसरा कारखानाच उघडला.

आज कारखान्यांची संख्या नऊ हजारांवर आहे. सॅन फ्रान्सिस्कोहून पूर्वेला निघालेल्याने आता डबा शोधायचा नाही, गाव शोधायचे. जिथे बिअर होते तिथेच बसून, छोट्या छोट्या पेल्यांतून चार प्रकार चाखायचे. गाडी चालवणाऱ्याने अर्थातच नाही. वाटेत युटा लागते. दारूबंदी उठवायला लागणारे छत्तिसावे मत १९३३ साली याच राज्याने दिले, आणि आज पिंपातून ओतलेल्या बिअरवर पाच टक्के मद्यार्काची मर्यादा घालणारेही तेच! बहुतेक पाट्यांवर ‘इंडिया पेल एल’ हे नाव आढळते. इंग्लंडहून जहाजाने मुंबई-कलकत्त्याच्या साहेबांसाठी येणाऱ्या, हॉप्स सढळ हाताने घातलेल्या बिअरची ही नातवंडे. आपल्या देशाचे नाव अमेरिकेच्या आडगावी असे भिंतीवर खडूने लिहिलेले असते.

मेटॅगने वाचवलेला अँकर मात्र, कितीदा हात बदलून, २०२३ साली बंद पडला. १८९६ पासूनचे ते नाव. पुढच्याच वर्षी तो विकत घेतला हमदी उलुकाया यांनी. त्यांचा मूळ धंदा दह्याचा.