फुकटाचं पान, विकतचं पान

आजचं बोलणं एका भांडणावरून सुरू होतं. भांडण मुरुमचं, आमच्याच गटातलं, आणि पैशावरूनच.

आमच्या गटाचा माल तुम्हाला ठाऊक आहे. ज्वारीची कडक भाकरी, शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी, उडदाचे पापड. उमरगा-सोलापूरपर्यंत माल जातो, पुण्याला नोकरीला गेलेली इथली पोरं फोनवर मागवतात. प्रत्येक फोनला तेच ते सांगून जीव कंटाळला, म्हणून गटाचा ब्लॉग काढायचं ठरलं. त्यात भाव, नंबर, भाकरी कशी करतो ते, आणि गटातल्या थोरल्या आज्जींनी तोंडी सांगितलेल्या कृती. ब्लॉग वर्डप्रेसवर काढला. वर्डप्रेस फुकट आहे, जागेचे आणि नावाचे वर्षाचे पैसे तेवढे भरावे लागतात. अडलं ते थीमपाशी.

थीम म्हणजे पानाचं लुगडं. अक्षर केवढं, रंग कोणता, फोटो कुठं, मोबाईलवर पान कसं दिसणार, हे सगळं थीम ठरवते. लुगडं बदललं तरी बाई तीच राहते, तसा थीम बदलली तरी मजकूर तोच राहतो. निदान राहायला पाहिजे. त्यावर पुढं बोलू.

फुकटच्या थीम हजारोंनी मिळतात. आम्ही बैठकीत विकतची मांडली, साडेचार हजारांची. एक ताई उठून म्हणाल्या, "फुकट मिळतंय ते सोडून साडेचार हजार? तेवढ्यात ज्वारीचं पोतं येतंय की." ताई खोटं बोलत नव्हत्या. पैसा सगळ्यांच्या बचतीचा होता, आणि आमच्याकडं त्या दिवशी उत्तर नव्हतं. आमचं बीए इतिहास घेऊन झालंय. त्याचा आजवर कुठं उपयोग झाला नव्हता, म्हणून म्हटलं, उत्तर इतिहासातच शोधू. मराठी पानाचे पैसे आजवर कोणी भरले?

मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना दोनशे वर्षांपूर्वी चालू झाला. तिथून मराठी पुस्तिका निघायच्या आणि पुष्कळदा फुकट वाटल्या जायच्या. देणाऱ्याला आपला धर्म सांगायचा होता, तो त्यानं सांगितला. त्यात लपवाछपवी नव्हती. पण पान फुकट असलं की त्यावर काय छापायचं हे देणारा ठरवतो, एवढं खरं. त्या छापखान्यातलं काम पाहून गणपत कृष्णाजी नावाच्या माणसानं स्वतःच्या हातानं शिळाप्रेस उभा केला, शाई स्वतः केली, आणि 1831 साली पंचांग छापलं. तोवर पंचांग हातानं लिहिलेलं असायचं. छापाईच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातले लोक छापील कागदाला शिवत नसत, तेव्हा त्यानं शाईत चरबीऐवजी तूप घातलं असं सांगतात. तुपाची शाई! कढवताना वाटीभर तूप कमी निघालं तरी आपला जीव हळहळतो. पण त्या तुपामुळं छापलेलं पान देवघरापर्यंत गेलं. पुढं त्यानं अक्षरांचे खिळेही स्वतः पाडले.

खिळे म्हणजे शिशाची अक्षरं. एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची, ते काम करणारा तो जुळारी. इंग्रजीचं काम थोड्या अक्षरांत भागतं. आपल्याला काना, मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षरं मिळून शेकड्यांनी खिळे लागतात. टिळकांनीही ही संख्या कमी करायचा खटाटोप केला होता. म्हणजे मराठी पान पहिल्यापासूनच महाग.

जावजी दादाजी हे दुसरं नाव. जन्म 1839चा, घरात गरिबी. लहानपणी ते मिशनच्याच छापखान्यात खिळे घासायच्या कामाला लागले. 1864 साली त्यांनी स्वतःचा खिळे ओतायचा कारखाना काढला, आणि 1869 साली निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू हे त्यांचे अक्षर घडवणारे कारागीर. निर्णयसागरचं वळण इतकं सुरेख की दुसरे छापखानेवाले त्यांच्याकडून खिळे विकत घ्यायचे. शिसं वजनावर जायचं, आपण डाळ घेतो तसं. आणि शिसं एकदा घेतलं की ते तुमचं. त्यातून लग्नपत्रिका छापा नाहीतर ग्रंथ छापा, जावजींना विचारायचं कारण नाही. झिजलं की वितळवायलाही मोकळे.

हे आम्ही बैठकीत सांगितलं तेव्हा त्याच ताई म्हणाल्या, "मग विकत घेतलं की आपलं झालं, असंच ना?" आम्ही हो म्हणणार होतो. पण मधे संगणक आला, आणि तिथं हो म्हणता येत नाही.

पुण्यात सी-डॅक 1988 साली सुरू झालं. त्यांचे मराठी फॉन्ट आले, पुण्याच्याच मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी आली, आकृती आली. शिशाचे खिळे गेले, डीटीपी आलं. ही विकतची सॉफ्टवेअरं होती आणि त्यांनी काम चोख केलं. मराठीतली किती वर्तमानपत्रं, किती पाठ्यपुस्तकं, किती लग्नपत्रिका त्यांच्यावर निघाल्या. पण काहींना संगणकाला एक कुलूप लावायला लागायचं, डोंगल म्हणायचे त्याला. ते हरवलं की काम बंद. त्याहून मोठी अडचण मजकुराची. एका फॉन्टात टाईप केलेलं दुसऱ्या फॉन्टात उघडलं की मराठीच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसायची. जुन्या गटांच्या कितीतरी फायली आजही अशाच पडून आहेत. पेन ड्राइव्ह आहे, फाईल आहे, वाचता येत नाही. पैसे भरून घेतलं, तरी आपलंच लिहिलेलं आपल्याला परकं. शिसं विकत घेण्यात आणि हे विकत घेण्यात असा फरक पडला.

यातून बाहेर काढलं युनिकोडनं. त्याची पहिली आवृत्ती 1991ची, तीत देवनागरी होती. आपल्या हाती ते यायला पुढं बरीच वर्षं गेली. तोवर एखाद्या वर्तमानपत्राचं संकेतस्थळ वाचायचं तर आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. युनिकोडमध्ये मजकूर वेगळा आणि अक्षराचं वळण वेगळं, म्हणून फॉन्ट बदलला तरी मजकूर जागचा हलत नाही. मग चांगले फॉन्ट फुकटही मिळू लागले. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणु, एक टाईप या संस्थेचे मुक्त आणि बलू. हे फुकट आहेत आणि उत्तम आहेत. ते घडवणाऱ्यांच्या कष्टाचे पैसे कोणीतरी भरलेच, फक्त ते आपल्याकडून घेतले नाहीत.

आता थीमकडं येऊ. वर्डप्रेस 2003 साली निघालं, थीम बदलायची सोय 2005 साली आली. लोकांनी हौसेनं थीम करून वाटल्या. लगेच काहींच्या ध्यानात आलं की फुकट थीमच्या तळाला आपली जाहिरात चिकटवता येते. थीम वापरणाऱ्याच्या प्रत्येक पानाखाली भलत्याच दुकानाचा दुवा. हे इतकं वाढलं की 2007 साली वर्डप्रेसनं अशा थीम आपल्या यादीतून काढून टाकल्या. त्याच सुमाराला विकतच्या थीम सुरू झाल्या, 2008 साली थीमफॉरेस्ट नावाचा मोठा बाजार उघडला.

मग वाद पेटला. वर्डप्रेसचा परवाना असा आहे की घेणाऱ्यानं ते उघडून बघावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. त्याच्यावर बेतलेली थीम विकणाऱ्यानं मात्र हे हक्क नाकारायचे का? 2010 साली थीसिस नावाच्या विकतच्या थीमवरून वर्डप्रेसचे मॅट मुलेनवेग आणि थीम करणारे क्रिस पिअर्सन उघड भांडले, आणि शेवटी थीसिसच्या मुख्य भागाला तोच मोकळा परवाना लागला. इंग्रजीत फुकटालाही फ्री आणि मुक्तालाही फ्रीच म्हणतात, म्हणून त्यांच्याकडं यात फार घोळ होतो. आपल्याकडं दोन शब्द आहेत. वस्तू विकत असून मुक्त असू शकते, आणि फुकट असून बांधलेली.

ही गोष्ट आम्ही आधी वाचली असती तर बरं झालं असतं. कारण त्या पहिल्या बैठकीत ठराव पडला, आणि गटातल्या एकीच्या भाच्यानं विकतचीच एक थीम कुठूनतरी फुकट उतरवून पेन ड्राइव्हवर आणून दिली. पोरगं भल्या मनाचं. पान झकास दिसलं. महिनाभरात पुण्याच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "ताई, तुमच्या भाकरीच्या पानावर पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात कशी काय येते?" दिवाळीचे दिवस, ऑर्डरी तोंडावर. बायकांच्या गटाचं नाव आणि खाली जुगार! एकीच्या सासऱ्यांनी तर तिला गटातून नाव काढायलाच सांगितलं. ते मिटवायला आम्हाला तीनदा त्यांच्या दारात जावं लागलं.

असं होणारे आम्ही पहिले नव्हतो. नेदरलँड्समधल्या फॉक्स-आयटी कंपनीनं 2014 सालीच दाखवून दिलं होतं की विकतच्या थीमच्या फुकट वाटलेल्या प्रतींत चोरदरवाजे घालून ठेवलेले असतात. वाटायचा हक्क असतो, म्हणून तर वाटणारा कोण आहे ते बघायचं. आणि पैसे दिले की निर्धास्त, असंही नाही. 2011 साली फोटो लहान-मोठे करणाऱ्या टिमथंब नावाच्या एका फाईलमध्ये भोक सापडलं, आणि ती फाईल कितीतरी विकतच्या थीममध्येही होती. फरक एवढाच की विकतच्या थीममागं दुरुस्तीला बांधलेला माणूस असतो. आमच्या पेन ड्राइव्हमागं कोणी नव्हतं.

भाच्यानंच रात्र जागून सगळं पुसलं. आज्जींच्या कृती वाचल्या, कारण वर्डप्रेसमध्ये मजकूर थीमच्या बाहेर वेगळा ठेवलेला असतो. लुगडं जळालं, बाई वाचली.

दुसऱ्या वेळी आम्ही दुकानात पातळ बघतात तशा थीम बघितल्या. नमुन्याचं पान सगळीकडं इंग्रजीत असतं आणि देखणं दिसतं. त्यात मराठी घातलं की खरं रूप कळतं. इंग्रजी मथळ्यात अक्षरं लांब लांब ठेवायची फॅशन आहे, मराठीत त्यानं शिरोरेघच तुटते. ओळी जवळ असल्या तर वरच्या मात्रा कापल्या जातात आणि उकार खालच्या ओळीत घुसतात. काही थीमच्या फॉन्टात देवनागरी नसतेच, मग मोबाईल आपल्या मनाचा फॉन्ट लावतो. आम्ही कारळ्याच्या चटणीची कृती प्रत्येक थीममध्ये लावून बघितली. काही विकतच्या थीममध्ये मजकूर त्यांच्याच खुणांत गुंफला जातो, थीम काढली की पानभर कंस आणि चिन्हं उरतात. जुन्या डीटीपीचीच तऱ्हा. त्या सोडल्या. फुकटातली एक जवळजवळ पसंत पडली होती, पण दोन वर्षांत तिला कोणी हात लावलेला नव्हता. विकणाऱ्यांतल्या तिघांना आम्ही मोडक्या इंग्रजीत विचारलं, शिरोरेघ तुटते, नीट करून द्याल का? एकानंच उत्तर दिलं, आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्ती पाठवली. त्याची घेतली.

पैसे डॉलरमध्ये भरायचे होते आणि गटाच्या खात्याला तसलं कार्ड नाही. एकीच्या भावाच्या कार्डावरून भरले, त्याला रोख दिले, पावती इतिवृत्ताला टाचली. मदत सहा महिन्यांची आहे, पुढं हवी तर पुन्हा पैसे. ती तारीख वहीत लाल शाईनं लिहून ठेवलीय.

ठराव नऊ विरुद्ध दोन मतांनी झाला. पोतंभर ज्वारीवाल्या ताई विरोधातच राहिल्या, तसं इतिवृत्तात लिहिलंय. त्या अजून म्हणतात की फोनवर भाव सांगायला काय हरकत होती. परवा आज्जींनी फोन हातभर लांब धरून आपली कृती स्वतः वाचली. म्हणाल्या, लसूण कमी लिहिलाय. तो त्याच दिवशी वाढवला.