वामनराव लाखे : एका वकिलाची पुंजी

भिलाईचे नाव घेतले की पोलादाच्या भट्ट्यांचा लाल उजेड डोळ्यांपुढे उभा राहतो. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि धानाच्या शेतांतून एक नवे नगर वाढू लागले. परंतु त्याच्या अर्धशतक आधी ह्या परिसरातील शेतकऱ्याला कारखान्याची ओळख नव्हती. ओळख होती ती सावकाराच्या वहीची आणि कोर्टकचेरीची. 1906 साली दुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला. तोपर्यंत ती रायपूर जिल्ह्याचीच तहसील होती. त्या रायपुरात 1904 साली वामन बळीराम लाखे नावाचे एक मराठी गृहस्थ वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले.

तत्पूर्वीच त्यांनी एक धाडस करून पाहिले होते. जानेवारी 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघाले. त्याचे संपादक माधवराव सप्रे व रामराव चिंचोलकर, आणि प्रकाशक वामनराव. तिघेही मराठी, परंतु ज्या भूमीत आपण राहतो तिच्या भाषेची सेवा करणे त्यांनी आपले कर्तव्य मानले. पैशांअभावी 1902 च्या अखेरीस मासिक बंद पडले. मैत्री मात्र टिकली.

वकिलीत यश कशाला म्हणावे? पक्षकारांची गर्दी आणि वाढते शुल्क, हे उत्तर सोपे आहे. लाख्यांपुढचा प्रश्न त्याहून अवघड होता. बियाण्यासाठी काढलेले कर्ज, चढत जाणारे व्याज, मग दावा, हुकूमनामा आणि शेवटी जप्ती, ही साखळी जितकी लांब तितकी वकिलाची प्राप्ती अधिक. ज्याचा संसार अशा दाव्यांवर चालतो, त्याने ते दावे कमी व्हावेत म्हणून झटावे काय?

वामनरावांनी ह्याचे उत्तर कृतीने दिले. 1904 सालीच सरकारने सहकारी पतपेढ्यांचा कायदा केला होता. 1912 च्या कायद्याने अशा पेढ्यांच्या मध्यवर्ती संस्थांनाही मान्यता मिळाली. लगेच 1913 साली वामनरावांनी रायपुरात सहकारी मध्यवर्ती बँक उभारली. सहकारी पेढीचे मर्म असे की, गावातील माणसे एकमेकांची जामीन होतात. जेथे शेजारी शेजाऱ्याचा भरवसा धरीत नाही, तेथे ती चालणेच शक्य नाही. हा भरवसा जमवण्याच्या कामी वकिलाचा दोन प्रकारे उपयोग झाला : कायद्याचे कलम तो जाणत होता, आणि खेड्यांतली माणसेही त्याच्या परिचयाची होती.

1916 साली सरकारने त्यांना ‘रायसाहेब’ केले. ज्याच्या व्यवसायाचा उंबरठाच सरकारी न्यायालयात आहे, त्याला अशा पदवीचे मोल काय असते हे सांगावयास नको. 1920 साली असहकाराची हाक येताच वामनरावांनी ती पदवी परत केली. पुढे 1930 च्या सत्याग्रहात रायपूरच्या लोकांनी आपल्या पाच पुढाऱ्यांना पांडवांची नावे दिली. महंत लक्ष्मीनारायणदास भीम, ठाकूर प्यारेलालसिंह अर्जुन, मौलाना अब्दुल रऊफ नकुल, शिवदास डागा सहदेव. आणि युधिष्ठिराचे नाव लाभले वामनरावांना. महंत, ठाकूर, मौलाना, व्यापारी आणि एक मराठी वकील! ह्यांना रक्ताच्या नात्याने नव्हे, तर कार्याच्या नात्याने भाऊ ठरवणारे लोक किती सूक्ष्म दृष्टीचे असले पाहिजेत. ह्या भावंडांत वडीलपणाचा मान परप्रांतीय घराण्यातील माणसाला मिळाला, ह्यातच त्याच्या जन्मभराच्या वागणुकीचा निकाल आला. त्या आंदोलनात वामनरावांनी तुरुंगवासही सोसला.

1948 साली ते निवर्तले. भिलाईची भट्टी त्यांनी पाहिली नाही. त्या भट्टीसाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून अनेक भाषांची माणसे आली, आणि परक्या मुलखात आपुलकी कशी मिळवावी हा प्रश्न त्यांच्यापुढेही उभा राहिला. अवघ्या काही कोसांवरील रायपुरात एका वकिलाने तो आधीच सोडवून ठेवला होता. अशिलाचा दावा जिंकण्यात त्याचे कौशल्य होते. अशिलाला पुन्हा दाव्याची पायरी चढावी लागू नये, ह्या खटपटीत त्याचे मोठेपण होते.