गाठीच्या पोटात दडलेलं

लंडनच्या गायज् हॉस्पिटलात थॉमस हॉजकिन शवविच्छेदनं करत आणि तिथलं संग्रहालय सांभाळत. १८३२ साली त्यांनी सात रुग्णांच्या हकिकती मांडल्या. सगळ्यांच्या लसिकाग्रंथी सुजलेल्या, बहुतेकांची प्लीहाही वाढलेली, आणि या सुजेला दुसऱ्या आजाराचं कारण पटत नव्हतं. जोसेफ जॅक्सन लिस्टर यांच्यासोबत याच हॉजकिननी पूर्वी सुधारित सूक्ष्मदर्शकातून रक्तपेशी पाहिल्या होत्या. या गाठी मात्र त्यांनी नुसत्या डोळ्यांनी पारखल्या. पुढे १८६५मध्ये सॅम्युअल विल्क्स यांनी आजाराला हॉजकिन यांचं नाव दिलं.

पण सुजलेल्या गाठी बाहेरून सारख्याच. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, क्षयानं मानेत गंडमाळ उठते. १८९८मध्ये व्हिएन्नात कार्ल स्टर्नबर्ग यांनी हॉजकिनच्या गाठींतल्या मोठाल्या, अनेक केंद्रकांच्या पेशींचं बारकाईनं वर्णन केलं, तरी आजार त्यांनी क्षयाचाच प्रकार मानला. १९०२ साली जॉन्स हॉपकिन्समधल्या डोरोथी रीड यांनी त्या पेशी रेखाटल्या आणि ठामपणे सांगितलं: हा क्षय नव्हे. या सगळ्या वाटचालीत मला त्यांचं हेच पाऊल सर्वांत मोलाचं वाटतं. आपल्याकडे क्षय इतका पसरलेला की आजही कधीकधी तुकडा न तपासताच क्षयाच्या गोळ्या सुरू होतात, आणि आतला लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, महिनोन्‌महिने वाढत राहतो.

१९२६मध्ये हर्बर्ट फॉक्स यांनी गायज्‌मध्ये जपलेले हॉजकिन यांचे तीन जुने नमुने सूक्ष्मदर्शकाखाली घातले. दोन खरोखरच हॉजकिनच्या आजाराचे निघाले. उघड्या डोळ्यांच्या त्या पारखीपुढे मी नतमस्तक होतो.

१९७५मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच साच्याची प्रतिपिंडं बनवण्याची रीत शोधली. तिच्यामुळे पेशींच्या अंगावरच्या खुणा रंगवून ओळखता येऊ लागल्या. हॉजकिनसाठी आज सीडी३० आणि सीडी१५ या खुणा पाहतात.

तरीही हा आजार दडतो, कारण हॉजकिनच्या गाठीत कर्कपेशी बहुधा शंभरात एकही नसते. बाकी सारी गर्दी जमून आलेल्या साध्या पेशींची. सुईनं ओढलेल्या थेंबात अशी पेशी येईलच असं नाही, आणि गाठीची आतली रचना तर सुईत येतच नाही. म्हणून संशय असेल आणि जागा हाताशी असेल, तर डॉक्टर आजही अख्खी गाठ काढून तपासायला पाठवतात.